प्रिंटच्या डिझायनरने दिलेला मराठी फॉन्ट वेबसाईटवर सगळ्यांना तसाच दिसावा म्हणून काय करायचं?

नमस्कार ताई. तुम्ही लिहिलंय की कोथरूडला तुमचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, छापील ब्रोशर ज्यांनी केलं त्यांच्याकडूनच मजकूर आणि फॉन्ट घेऊन भाच्याने वेबसाईट उभी केली, तुमच्या लॅपटॉपवर ती अगदी ब्रोशरसारखी दिसते पण जाऊबाईंच्या कॉम्प्युटरवर आणि गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. मी नारायण पेठेत सात-आठ वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम, केलंय आणि आता वेबसाईटचीच कामं करतो, त्यामुळे हे दुखणं मला दोन्ही बाजूंनी माहितीये.

आधी एक टेस्ट करा. तुमच्याच लॅपटॉपवर साईटवरची एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर जाऊबाईंना पाठवा. त्यांना मराठीत दिसली तर काम सोपं आहे, फक्त फॉन्टची फाईल साईटवर चढवायची राहिलीये. पण इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली (आणि तुमच्या वर्णनावरून तीच दिसणार) तर मजकूर मुळात मराठी नाहीच, तो मराठी दिसतोय एवढंच.

म्हणजे काय, तर आपल्याकडे छपाईचं काम वर्षानुवर्षं श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांवर चाललंय, आणि त्यातली श्री-लिपी आणि सीडॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम तर पुण्यातच तयार झालेत. या जुन्या फॉन्टांची युक्ती अशी की कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह टाईप केलंय, आणि फॉन्ट त्या जागी ‘क’चं नाहीतर अर्ध्या ‘श’चं चित्र दाखवतो. पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर ठरलेला एकच नंबर) येतच नाही, त्यामुळे त्या काळी दुसरा मार्गही नव्हता, आणि कागदावर एकदा शाई उमटली की आत कोणता कोड होता याने कुणाला काय फरक पडतो. त्यामुळे तुमच्या डिझायनरची चूक काढू नका, त्यांच्या कामासाठी ते बरोबरच होतं. वेबसाईटवर मात्र पानासोबत कोड जातो, फॉन्ट आपोआप जात नाही. तुमच्या लॅपटॉपवर तो इन्स्टॉल केलेला आहे म्हणून तुम्हाला मराठी दिसतं.

मी २००६ च्या सुमाराला एका छोट्या प्रकाशकाची साईट अशीच केली होती, वर ठळक लिहिलं होतं ‘आधी हा फॉन्ट डाऊनलोड करा’. तेव्हा बऱ्याच मराठी साईट तशाच असायच्या. प्रकाशकांच्या ऑफिसात सगळं झकास दिसायचं आणि पुस्तकांची यादी शोधणारा वाचक मात्र गूगलवर मराठीत नाव टाकून कधीच तिथे पोचायचा नाही, कारण साईटवर ते नाव मराठीत नव्हतंच. दीड वर्षाने सगळी यादी नव्याने टाईप केली. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून एवढं लांबण लावतोय.

आता कुणी म्हणेल की फॉन्टची फाईल साईटवर टाकली की झालं. दिसेल बरोबर, हो, ब्राउझर २००९-१० पासून फॉन्ट-फेस नावाच्या कोडमधल्या नियमाने साईटवरचा फॉन्ट उतरवून घेतात. पण ‘अनारसे कोथरूड’ शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार नाही, कुणी भाव कॉपी करून नवऱ्याला पाठवला तर त्याला कचरा दिसेल, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन तो मजकूर वाचून दाखवू शकणार नाही. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, देखणेपणाचं नंतर बघू.

डिझायनरना फोन करून दोन गोष्टी विचारा. एक, याच फॉन्टचा युनिकोड अवतार त्यांच्याकडे आहे का, कारण श्री-लिपीच्या नव्या आवृत्त्यांत युनिकोड फॉन्टही येतात. दुसरं, त्याचं लायसन्स वेबसाईटसाठी चालतं का. छापायचं लायसन्स आणि वेबचं लायसन्स बऱ्याचदा वेगळं असतं, कारण साईटवर ठेवलेली फाईल कुणीही उतरवून घेऊ शकतो. उत्तर ‘नाही’ असं आलं तर मोकळे फॉन्ट वापरा, ओपन फॉन्ट लायसन्सवाले, ते साईटवर ठेवायला पैसे नाहीत आणि परवानगीही नाही लागत. मजकुराला ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा मुक्ता छान बसतो, त्याची सात वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत, तुम्हाला दोन पुरेत. मथळ्यांना गोलमटोल हवं असेल तर त्यांचाच बलू. पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी, मला स्वतःला तो फार आवडतो.

भाच्याला सांगा की फॉन्टची फाईल वॉफ-टू (WOFF2) या वेबसाठीच्या प्रकारात टाक, ती बरीच लहान होते. साधं आणि ठळक, दोन्हीच्या फाईली वेगवेगळ्या दे, नाहीतर ब्राउझर स्वतःच अक्षरं फुगवून खोटं ठळक करतो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ची पोटं भरून जातात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नको, इंग्रजी मथळ्यांना करतात तसं, आपली शिरोरेषा मधेमधे तुटते. ओळींमधलं अंतर मात्र वाढव, दीडपटीच्या थोडं वरच, कारण वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असतो. आणि पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिही. हे जवळपास सगळे विसरतात. ज्या फॉन्टात सोय आहे तिथे त्याने मराठी वळणाचा पाकळीवाला ‘ल’ आणि देठवाला ‘श’ येतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

तरीही सगळीकडे तंतोतंत सारखं दिसणार नाही हे आधीच मान्य करून टाका. फॉन्ट उतरेपर्यंत किंवा नेट रडत असेल तर विंडोजवर निर्मला, जुन्या विंडोजवर मंगल, ॲपलवर कोहिनूर आणि अँड्रॉइडवर नोटो असा ज्याचा त्याचा फॉन्ट दिसतो, आणि एकच फॉन्ट असला तरी विंडोजवर जरा बारीक आणि मॅकवर जाडसर वाटू शकतो. त्यामुळे ओळ कुठे मोडते यावर अख्खं डिझाईन उभं करू नका.

ब्रोशरवरचं तुमचं नाव, ते वळणदार लोगोतलं, ते मात्र जसंच्या तसं ठेवा. डिझायनरना सांगा की कोरलड्रॉमध्ये अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या रेषा, करून एसव्हीजी प्रकारची फाईल द्या, म्हणजे ते चित्र होतं आणि कुठल्याही मशीनवर तसंच दिसतं, फक्त चित्राच्या मागे पर्यायी मजकूर म्हणून नाव युनिकोडमध्ये लिहायचं. भावाचा तक्ता असा चित्र करून टाकू नका, प्लीज.

तपासताना तुमचा लॅपटॉप वापरू नका, तिथे फॉन्ट आहेच. शेजाऱ्यांच्या फोनवर बघा, आणि ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ऑर्डर’, ‘ॲप’ हे शब्द नीट दिसतात का ते पाहा. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या युनिकोड फॉन्टात तिथे चौकोन दिसू शकतो.

जुना मजकूर कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टातलं युनिकोडमध्ये बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढणार असाल तर फोन नंबर, ईमेल आणि इंग्रजी शब्द आधी बाजूला काढून ठेवा, कारण कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून वाट लावतो, आणि बाहेर आलेला मजकूर कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, रफार आणि पहिली वेलांटी तिथेच चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात.