चौथ्या पानावरचा रकाना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची अर्जाची 62 पाने परवा रात्री मिळाली. तू लिहितोस की सल्लागाराने सर्व काही भरून पाठवले आहे, तुला फक्त सही करायची आहे, आणि तरीही चौथ्या पानावर तू अडखळला आहेस. यापूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला होता का, या प्रश्नापुढे 'नाही' असे छापून आले आहे. प्रत्यक्षात सहा वर्षांपूर्वी एका तिसऱ्याच देशाने तुला पर्यटक व्हिसा नाकारला होता. सल्लागार म्हणतो की इतकी जुनी गोष्ट कोणी उकरून काढत नाही. तुझी पत्नी म्हणते की त्याने असे शेकडो अर्ज भरले आहेत, त्याला त्यातले कळते. आणि तुझी खरी अडचण अशी, की सल्लागार तिने शोधला, त्याची फी तिने भरली, जायचे आहे तेही तिच्याच देशात. आता शंका काढली तर ती सल्लागारावर न राहता तिच्यावर घेतल्यासारखी होईल, असे तुला वाटते.

रकान्याचे उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते सोपे आहे. 'नाही' काढ आणि 'होय' लिही. कोणत्या वर्षी, कोणत्या देशाने, कोणत्या कारणाने नकार दिला ते दोन ओळींत लिही, आणि नकाराचे पत्र हाताशी असेल तर तेही जोड. जुना पर्यटक व्हिसा नाकारला गेला एवढ्यावरून जोडीदाराचा व्हिसा सहसा अडत नाही. तो लपवला म्हणून मात्र अडू शकतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश व्हिसाविषयक माहिती आणि बोटांचे ठसे आपसांत पडताळून पाहतात, त्यामुळे 'कोण उकरून काढणार' हा प्रश्न आता माणसांपुरता राहिलेला नाही. खोटी माहिती दिल्याचे ठरले तर ऑस्ट्रेलियाच्या नियमांत तीन वर्षांची आणि कॅनडाच्या नियमांत पाच वर्षांची अडवणूक आहे, आणि अमेरिकेच्या कायद्यात तर, विशेष सूट मिळाली नाही तर, ती आयुष्यभराची आहे. सल्लागाराला यातले काहीही भोगावे लागणार नाही. अर्जाखाली सही तुझी असणार आहे.

हे सांगायला चार ओळींचे उत्तर पुरले असते. एवढे लांब पत्र लिहायला बसलो ते तुझ्या पत्रातल्या दुसऱ्याच एका वाक्यामुळे. 'मला फक्त सही करायची आहे.' हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला, कारण सव्वीस वर्षांपूर्वी ते मी बोललो होतो, अगदी याच शब्दांत आणि बहुधा याच समाधानाने.

मीसुद्धा पत्नीच्या देशात जायला निघालेला नवरा होतो. त्या देशाचे नाव मी मुद्दामच घेत नाही. ते घेतले की ऐकणारे त्या देशाला नावे ठेवून मोकळे होतात आणि माझी चूक तशीच बाजूला राहते. तेव्हा अर्ज कागदावर असत. एका जाणकार गृहस्थाने माझ्यासाठी ते भरले आणि जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुल्या मारून आणून दिले. मी फुल्या पाहिल्या आणि सह्या केल्या. आमची पहिली भेट ज्या वर्षी झाली त्याच्या पुढचे वर्ष त्या अर्जात लिहिले होते, आणि मला कधीही कोणताही व्हिसा नाकारला गेलेला नाही असेही लिहिले होते. प्रत्यक्षात विद्यार्थी असताना मला एकदा नकार मिळालेला होता. मुलाखतीत अधिकाऱ्याने पहिला प्रश्न भेटीबद्दल विचारला. मी खरे उत्तर दिले. त्याने समोरच्या कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी पुन्हा खरेच सांगितले. माझा प्रत्येक खरा शब्द माझ्याच सहीला खोटे पाडत होता, आणि ते कळायला मला मुलाखत संपेपर्यंतचा वेळ लागला.

नकार आला. दुसरा अर्ज, त्यावरचे खुलासे आणि प्रतीक्षा यांत एकोणीस महिने गेले. नकार आला तेव्हा माझी पत्नी चार महिन्यांची गरोदर होती आणि तिच्या आईवडिलांकडे परत गेलेली होती. मी माझ्या मुलीला प्रथम पाहिले तेव्हा ती चालत होती. चालत माझ्यापर्यंत आली नाही. आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

आता तू मनात म्हणशील की काका निष्काळजी होते. मी निष्काळजी नव्हतो. मी महाविद्यालयात नोंदवह्या तपासणारा माणूस होतो. दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवणे हा माझा व्यवसाय होता. पण नवे लग्न, परक्या भाषेतला जड मजकूर आणि सासरच्या माणसांनी सुचवलेला जाणकार, या तिन्हींपुढे 'जरा थांबा, मला वाचू द्या' असे म्हणणे मला उद्धटपणाचे वाटले. मी विश्वास ठेवला, आणि विश्वास ठेवणे हा गुन्हा नाही असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला आणि इतरांना सांगत राहिलो. माझी पत्नी म्हणते की तो विश्वास नव्हता, वाचण्याचा कंटाळा होता. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल मी तिच्याशी अजून वाद घालतो.

म्हणून पुन्हा सांगतो: जे तू स्वतः वाचलेले नाहीस त्यावर सही करू नकोस. नजर टाकणे म्हणजे वाचणे नव्हे. सल्लागाराने फोनवर सारांश सांगणे म्हणजेही वाचणे नव्हे. पहिल्या पानावरच्या नावाच्या स्पेलिंगपासून शेवटच्या पानावरच्या प्रतिज्ञेपर्यंत प्रत्येक ओळ, आणि जी ओळ कळली नाही ती कळेपर्यंत.

वाचणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा तुझा समज मला सर्वांत अधिक खटकतो. तुम्ही दोघे एकमेकांवर विश्वास ठेवता हे तुमच्या घरात पुरेसे आहे. अर्ज ज्याच्या टेबलावर जाणार आहे त्याचे काम मुळात संशयापासून सुरू होते, आणि हा संशय जुना आहे. ब्रिटनमध्ये 1997 पर्यंत असा नियम होता की लग्नाचा मुख्य हेतू देशात शिरणे हा नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करायचे. एखादी गोष्ट आपल्या मनात नव्हती हे कागदावर कसे सिद्ध करणार? डेन्मार्कने 2002 मध्ये नियम केला की दोघांचेही वय किमान 24 असल्याशिवाय जोडीदाराला आणता येणार नाही. नेदरलँड्सने 2006 पासून आणि जर्मनीने 2007 पासून बहुतेक देशांतून येणाऱ्या जोडीदारांना निघण्यापूर्वीच भाषेची परीक्षा द्यायला लावली. ऑस्ट्रेलियाचा अधिकारी तुमचे नाते चार अंगांनी तपासतो: पैशांचे व्यवहार, घरातील राहणी, लोकांमधील ओळख आणि परस्परांशी असलेली बांधिलकी. अशा तपासणीत तुमच्या प्रेमाच्या वतीने बोलायला फक्त तारखा, पावत्या आणि जबाब असतात. तुमच्या भेटीची हकिगत तिसऱ्या कोणी लिहिली, तर ती त्याने यापूर्वी लिहिलेल्या शंभर हकिगतींसारखी दिसेल, आणि तपासणाऱ्याने त्यांपैकी काही आधीच वाचलेल्या असतील.

तुझ्या अर्जातील नात्याचे निवेदन मी वाचले. 'प्रथमदर्शनीच आमची मने जुळली' हे वाक्य तुझे नाही. तू तुझ्या लग्नाच्या वेळी मला सांगितले होतेस की पहिल्या भेटीत तुम्ही एका चुकीच्या तिकिटावरून भांडला होता. ते तिकीट अजून जपले आहेस का? असेल तर निवेदनात ते भांडण लिही आणि तिकिटाची प्रत जोड.

आता तिच्या कागदांविषयी. इथे तू संकोच करशील, आणि इथेच माझा धीर सुटतो. तिच्या पगाराचे, बँकेचे आणि घराचे कागदही तुला वाचायचे आहेत, कारण बहुतेक देशांत तिचे उत्पन्न हा तुझ्या अर्जाचा कणा असतो. उदाहरण म्हणून ब्रिटनचा नियम घे. तिथे किमान वार्षिक उत्पन्नाची अट 2012 मध्ये 18,600 पौंड होती, ती एप्रिल 2024 पासून नव्या अर्जदारांसाठी 29,000 पौंड झाली. नोकरीतला पगार दाखवायचा तर सहसा सहा महिन्यांची पगारपत्रके लागतात, आणि त्यावरची रक्कम बँकेच्या खात्यात तशीच जमा झालेली दिसावी लागते. एका महिन्याचा पगार दुसऱ्या खात्यात गेला आणि त्या खात्याचे स्टेटमेंट जोडले नाही, तर बाकी सारे खरे असूनही अर्ज कोसळू शकतो. अशी फट ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्यालाच दिसते. शेकडो अर्ज भरणाऱ्याला ती दिसतेच असे नाही.

आणि ती कशावर सही करते आहे, हे तिने तरी वाचले आहे का? अमेरिकेत प्रायोजक पती किंवा पत्नी जे हमीपत्र देते, त्यात उत्पन्न साधारणपणे दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के असावे लागते, आणि ती हमी घटस्फोटाने संपत नाही. कॅनडामध्ये जोडीदाराचा खर्च उचलण्याची हमी तीन वर्षांची असते, आणि तीही नाते तुटले म्हणून सुटत नाही. तिच्या देशाचे हमीपत्र काय म्हणते ते तिच्याबरोबर बसून वाच. ती तुझ्यासाठी काय अंगावर घेते आहे ते तुला न कळता तिने घ्यावे, यात मला प्रेम दिसत नाही. माझ्या वेळी मी ते असेच घेऊ दिले होते.

पुढच्या पानांवर व्हिसा मिळाल्यानंतरच्या अटी असतील. तू त्या वगळल्या असशील, कारण नाते तुटले तर काय, हे लग्नाच्या पहिल्या वर्षी वाचणे अपशकुनी वाटते. वाटू दे. जर्मनीत जोडीदाराला नात्यापासून स्वतंत्र असा राहण्याचा हक्क सामान्यतः तीन वर्षांच्या तिथल्या सहजीवनानंतर मिळतो. गंभीर अडचणीच्या प्रसंगी त्याला अपवाद आहेत. अमेरिकेत पोहोचताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर दोन वर्षांचे सशर्त वास्तव्य मिळते, आणि ती मुदत संपण्यापूर्वीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा असतो. तुला काम करता येईल का, किती दिवस देशाबाहेर राहता येईल, पत्ता बदलला तर कोणाला कळवायचे, हे सारे अशाच रुक्ष पानांवर असते. 'अवलंबित' हा शब्द तुला टोचतो असे तू लिहिले आहेस. मलाही टोचत असे. पण त्या शब्दाशी भांडण्यात मी जितकी संध्याकाळ घालवली, तितक्या वेळात त्याच्याखालच्या अटी तीनदा वाचून झाल्या असत्या.

सल्लागार ठेवू नकोस असे मी म्हणत नाही. गुंतागुंत असेल तर चांगला वकील लागतोच, आणि त्याला परवाना आहे की नाही हे त्या देशाच्या अधिकृत यादीत पाहून घ्यावे. परंतु चांगला वकील तुला प्रश्न विचारतो आणि तुझ्या उत्तरांनी कंटाळत नाही. तुझ्या या गृहस्थाने तुला एकही प्रश्न न विचारता 62 पाने भरली, ही गोष्ट तुला चौथ्या पानावर यायच्या आधीच खटकायला हवी होती.

पत्नीशी बोलणे अवघड वाटत असेल तर तक्रारीने सुरुवात करू नकोस. तिला फोन लाव, दोघांनी आपापल्या समोर अर्ज उघडा, आणि मोठ्याने वाचायला लागा; एक पान तू, एक पान ती. चौथे पान आपोआप येईल. आम्ही दुसऱ्या अर्जाच्या वेळी असेच केले, तीन रात्री, महागड्या ट्रंक कॉलवर, आणि त्या वाचनात तिला कळले की तिच्या जन्मगावाचे नावही पहिल्या अर्जात चुकलेले होते. ती इतकी हसली की शेवटी फोनचे बिल तिच्या वडिलांनी भरले.

तेव्हापासून मी सगळेच वाचतो. बँकेचे करारपत्र वाचतो, औषधाच्या डब्यातील घडी घातलेला कागद वाचतो. माझ्या मुलीला याची लाज वाटते. दुकानात काउंटरवर मी पावती उलटी करून मागचा मजकूर वाचू लागलो की ती दोन पावले पुढे जाऊन उभी राहते. तिला मी काही बोलत नाही.

तू पत्राच्या शेवटी लिहिले आहेस, 'काका, तुम्ही एकदा सगळे तपासून द्या, म्हणजे मी निर्धास्त सही करीन.' तुझे नात्याचे निवेदन आणि चौथे पान एवढेच मी वाचले आणि उरलेली पाने न उघडता बंद केली. ती तू वाच. ज्या ओळी कळणार नाहीत त्यांचे पान आणि परिच्छेद लिहून पाठव. रविवारी सकाळी मी मोकळा आहे, आणि तोवर सही करू नकोस.

तुझा,
काका