‘वाया गेली’चा सीन

“मॅडम, आठ वर्षं वाया गेली माझी.”

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य फार ऐकू येतं, आकडा तेवढा बदलतो. एमपीएससीचे प्रयत्न संपलेली मुलं म्हणतात, मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेल्या बायका म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात, ऐन नवतपात, ते एका लेखकाने म्हटलं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहिते आहे.

वय अठ्ठेचाळीस. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतात. पहिली कादंबरी आली, सीताबर्डीवर प्रकाशन झालं, दोन बरी परीक्षणं छापून आली आणि 500 प्रतींच्या आवृत्तीतल्या निम्म्या घरच्या दिवाणात गेल्या. तेवढ्यात ती वाचून मुंबईहून एका निर्मात्याचा फोन आला, “तुम्हाला दृश्य दिसतं हो, पिक्चर लिहा.” सर भाळले. (मीही भाळले असते.) मग रात्रभर विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी दादरला उतरून अंधेरीत नरेशन (गोष्ट ऐकवायची), संध्याकाळी परत तीच गाडी. नवी गोष्ट, पटकथेचे सात ड्राफ्ट, एक बिनपगारी रजा. एकदा गाडीभाडं मिळालं, तेवढीच कमाई. पुढे समोरून फोन उचलणंच बंद झालं.

त्यानंतरचं त्यांनी आवाज उतरवून सांगितलं. कूलरच्या घरघरीत मला खुर्ची पुढे ओढावी लागली. पटकथा दीड वर्ष कपाटात पडून होती. एका रात्री त्यांनी तिचीच कादंबरी करायला घेतली आणि ती भराभर उतरू लागली. गाडी अडली ती इथे. “पिक्चर झाला नाही म्हणून त्याचं भंगार विकायला काढलं, असं वाटतं. ना धड कादंबरीकार, ना धड पटकथाकार.” तीन महिने झोप नव्हती, वर्गात मुलांवर विनाकारण चिडत होते.

पहिल्या भेटीत मी चुकले. नागपुरात बसून या विषयावर बोलायचं आणि नाटककार महेश एलकुंचवारांचं नाव काढायचं नाही, हे कठीण. 1984 मध्ये त्यांच्या ‘होळी’ आणि ‘पार्टी’ या नाटकांवर दोन चित्रपट आले, दोन्हींच्या पटकथालेखनात ते स्वतः होते. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. सर म्हणाले, “म्हणजे ज्यांना जमतं त्यांना दोन्हीकडे जमतं.” धीर द्यायला काढलेलं उदाहरण फूटपट्टी होऊन बसतं, हे मला इतक्या वर्षांनी तरी सुचायला हवं होतं.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना त्यांच्या कामाबद्दलच बोलतं केलं. पटकथेत काय लिहिता येत नाही? सर खुलले. “‘त्याला वाईट वाटलं’ असं लिहिता येत नाही. जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच, तेही वर्तमानकाळात. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. कादंबरीत मी एका उसाशावर चार पानं घालवायचो.”

“मग ‘आठ वर्षं वाया गेली’ याचा सीन लिहून आणा,” मी म्हटलं. ‘वाया गेली’ हा निकाल असतो आणि निकालाशी वाद घालत बसलं की माणूस तोच आणखी जोरात सुनावतो. घडलेलं समोर आलं तर त्यावर काही विचारता तरी येतं.

ते तीन सीन घेऊन आले. एक रेल्वेच्या बर्थवरचा. दुसरा रात्री दोन वाजताचा: टेबल, कागद, बायको न बोलता ताकाचा पेला ठेवून जाते. वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, “यात तर मी खूश दिसतोय.” तिसरा लग्नाच्या मंडपातला. साडू जिलबीची प्लेट घेऊन येतात, “काय मग सर, पिक्चर कधी लागतोय तुमचा?” आणि सर हातातल्या कागदी नॅपकिनची घडी घालत राहतात, अगदी लहान होईपर्यंत.

न उचललेल्या फोनचा सीन मात्र नव्हता. का, म्हणून विचारलं. बराच वेळ गप्प राहिले. मग खरी गोष्ट निघाली. निर्माता एकदा म्हणाला होता, “गोष्ट आता आमची झाली.” कादंबरी छापली आणि नोटीस आली तर? नोकरीवर काही आलं तर? मी ‘आपण नेमके कोण’ या प्रश्नात त्यांच्यासोबत फिरत बसले होते आणि झोप उडवली होती या एका वाक्याने.

त्यावर समुपदेशन करून उपयोग नव्हता. ओळखीच्या वकीलबाईंकडे पाठवलं. त्यांनी सगळे मेल आणि मेसेज पाहिले. सर त्या निर्मात्याचे नोकर नव्हते, कुठे सही केलेली नव्हती. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, तोंडी बोलण्याने ते जात नाहीत. करार झालेला असता आणि वर्षभरात हक्क वापरलेच नसते, तरी करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर ते लेखकाकडे परत येतात. गोष्ट सरांचीच होती. त्या आठवड्यात ते झोपले.

साडू राहिलेच होते. त्यांच्यासाठी आम्ही एक उत्तर बसवलं, “पिक्चर नाही झाला. त्याच गोष्टीची कादंबरी लिहितोय.” पहिल्यांदा म्हणताना ‘नाही’वर आवाज गेला. पाचव्या-सहाव्या वेळी टिकला.

भंगाराचं म्हणाल तर ते लिहिता लिहिताच मागे पडलं. पटकथेतल्या आईला अकरा संवाद होते, पण तिच्या मनात काय चाललंय हे लेखकालाच ठाऊक नव्हतं. पडद्यावर ते नटीवर सोडलेलं होतं. आता तिच्यासाठी नव्याने साठ पानं लिहावी लागली.

शेवटच्या भेटीत सरांनी ते तीन सीन परत मागितले. तिसरा कादंबरीत घेतलाय म्हणे, साडू जसेच्या तसे, फक्त मिशी लावलीय.

“त्यांनी ओळखलं तर?”

“ते कुठे कादंबऱ्या वाचतात, मॅडम. ते पिक्चर बघतात.”