दुसऱ्या दुकानाआधी बटाटा

चि.,
अनेक आशीर्वाद.

इंदूरमधलं तुझं भंवरकुआचं फ्राइजचं दुकान चाललं, म्हणून विजयनगरला दुसरं आणि देवासला फ्रँचायझी, असा तुझा बेत कळला. विजयनगरच्या गाळ्याचं बयाणं इतक्यात देऊ नकोस. आधी सलग आठ दिवस दुकानात जाऊ नकोस, कारागिराला फोनही करू नकोस. नवव्या दिवशी संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी जा आणि गिऱ्हाइकासारखा रांगेत उभा राहून फ्राइज घे. चव बदललेली असली, तर दुसऱ्या दुकानात ती पहिल्याच आठवड्यात बिघडेल.

मॅकडोनाल्ड्सचं नाव तू सारखं घेतोस, म्हणून त्यांचं सुरुवातीचं सांगतो. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला मॅकडोनाल्ड आडनावाच्या दोघा भावांचं चांगलं चालतं दुकान होतं. 1948 मध्ये त्यांनी ते तीनेक महिने बंद ठेवलं, बशा-काटे काढून टाकले आणि मेनू 9 पदार्थांवर आणला. पुढे नव्या इमारतीसाठी टेनिस कोर्टवर खडूने स्वयंपाकघर आखलं आणि माणसांना त्यात कामाच्या हालचाली करायला लावल्या. तुला गच्ची पुरेल. तुझ्या मेनूत मोमोज आणि नूडल्स कशाला आहेत? बिलाच्या मशीनमधून महिन्याचा हिशेब काढ आणि जे दिवसाला दहासुद्धा जात नाही, ते काढून टाक.

आता बटाटा. भावांकडून फ्रँचायझी देण्याचा हक्क घेतलेल्या रे क्रॉकने 1955 मध्ये शिकागोजवळ डेस प्लेन्सला दुकान काढलं तेव्हा भावांची पद्धत जशीच्या तशी उचलली, तरी फ्राइज जमेनात. कॅलिफोर्नियात बटाटे बाहेर जाळीच्या कप्प्यांत पडून असत, वाळवंटी वाऱ्याने आपोआप मुरत. इकडे ते तळघरात होते. शेवटी तिथे पंखा लावला, तेव्हा जमलं. भावांनी हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं, कारण त्यांना स्वतःलाच त्याचं महत्त्व ठाऊक नव्हतं. तुझ्या दुकानातही असं काहीतरी नक्की असणार.

फेब्रुवारी-मार्चमध्ये माळव्याचा ताजा बटाटा असतो, तेव्हा कुणाचेही फ्राइज चांगले होतात. पावसाळ्यात चोइथराम मंडीत कोल्ड स्टोरेजचा माल येतो आणि तुझ्याकडे तक्रारी सुरू होतात: बाहेरून काळपट, आतून कच्चे, चवीला गोडसर. भाजीचा बटाटा 2 ते 4 अंशांवर ठेवतात. त्या थंडीत स्टार्चची साखर होते आणि तेलात पडल्यावर ती जळते. कारागीर तेलाला दोष देतो, तू कारागिराला. चिप्सवाल्यांचा माल 10-12 अंशांवर ठेवलेला असतो, तो माग. चार पैसे जास्त पडले तरी घे. थंड माल घ्यावाच लागला तर गोण्या उघडून, अंधाऱ्या पण हवेशीर खोलीत पसरून दोन-तीन आठवडे ठेव. उजेडात ठेवलास तर हिरवा पडेल. पैसे देण्याआधी प्रत्येक ढिगातल्या दहा काड्या तळून बघायच्या. तीन काळ्या पडल्या तर माल परत.

काडी 9-10 मिलिमीटरची, पाणी नितळ होईपर्यंत धुतलेली आणि कोरडी केलेली असावी. पहिलं तळण 150-160 अंशांवर चार-पाच मिनिटं, मग पूर्ण गार करायची. दुसरं तळण 180 अंशांवर दोन-अडीच मिनिटं. जाळी अर्धीच भरायची. गर्दीत ती काठोकाठ भरतात, तेल एकदम थंड होतं आणि काडी तेल पिते. मीठ कढईवर धरून टाकायचं नाही, तेल लवकर खराब होतं. तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात जे खराब घटक तयार होतात, त्या पोलर कंपाउंडची कायदेशीर मर्यादा 25 टक्के आहे. मोजायचं यंत्र घे, काळं दिसतंय की नाही यावर जाऊ नकोस. हे सगळं भिंतीवर हिंदीत लावायचं, कारण वाचणारा कारागीर आहे. 'अंदाज से' हा शब्द त्यात कुठेही नको.

देवासबद्दल थोडंच लिहितो. क्रॉक फ्रँचायझीकडून 950 डॉलर आणि विक्रीचा 1.9 टक्के हिस्सा घेई. त्यातला 0.5 टक्का भावांना जाई आणि उरलेल्यात कंपनीचं भागत नव्हतं. 1956 पासून जागा भाड्याने घेऊन फ्रँचायझीला पोटभाड्याने द्यायला लागल्यावर पैसा दिसू लागला. ते गणित तुझ्या आवाक्यातलं नाही. पण त्याची एक गोष्ट घेण्यासारखी आहे: फ्रँचायझीला माल विकून नफा काढायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. तूही मसाला तुला पडेल त्याच भावात दे आणि फक्त विक्रीवर टक्का घे, म्हणजे त्याचा गल्ला भरण्यात तुझाही स्वार्थ राहील. फ्रँचायझीची रक्कम आली की तिने विजयनगरचं भाडं भरायचा मोह होईल. ती वेगळ्या खात्यात ठेव. विजयनगरसाठी सहा महिन्यांचं भाडं आणि पगार आधी गाठीशी हवेत.

पंधरा दिवसांची वाया गेलेल्या मालाची वही पाठव: किती किलो बटाटा आला, किती सालीत गेला, किती फ्राइज फेकले, कोणत्या वेळी. ती बघितल्यावर देवासच्या कराराचा मसुदा वाचीन.