स्कॉटिश हायलँड्समध्ये गर्दी नसलेला, माळरानातला डोंगर कोणता? सह्याद्रीत ट्रेकिंग केलं आहे, जमेल का?

बेन क्लिब्रेक. उंची ९६२ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा बरीच कमी. पण आकड्यावर जाऊ नका.

हा सदरलँडमध्ये, अगदी उत्तरेला आहे. क्रास्क इन या छोट्या हॉटेलाच्या पुढे रस्त्याकडेला गाडी लावायची आणि व्हॅगस्टी नदी ओलांडून सरळ माळावर शिरायचं. खरी परीक्षा इथेच आहे. पहिले दोन-तीन किलोमीटर पायाखाली माती नसून पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर असतो, भिजलेल्या स्पंजासारखा. हिरवीगार, सपाट, मऊ दिसणारी जागा दिसली की तिथे पाय टाकू नका, गुडघाभर आत जाल. हेदरच्या झुडपांवरून चाललेलं बरं. आपल्याकडच्यासारखी मळलेली वाट, कातळावरचे बाण, वाटेत लिंबू सरबत यातलं काहीच नाही. पुढे तळी लागतात, मग अंगावर येणारा चढ, आणि एकदा धारेवर पोचलात की चालणं सुखाचं.

धुकं अचानक येतं. कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच, मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका. जून ते ऑगस्ट मिजेस नावाची चिलटं जीव नकोसा करतात, म्हणून मे उत्तम. शरद ऋतूत हरणांची शिकार चालते, तेव्हा आधी स्थानिक चौकशी करा. एरवी २००३ च्या कायद्याने जबाबदारीने कुठेही चालायची मुभा आहे. हिवाळ्यात मात्र नकोच. पायथ्याजवळच्या अल्टनाहारात १९९५ च्या डिसेंबरात पारा उणे २७.२ अंशांवर गेला होता.