नागपूरच्या मित्रांना पेरूतल्या माचू पिचू या जुन्या इंका शहरापर्यंतचा चार दिवसांचा पायी इंका ट्रेल जमेल का?

जमते ना भाऊ, पण रामटेकचा गड न थांबता चढलो म्हणजे तयारी झाली असं समजू नका. अंतर साधारण ४२ किमी, पण दुसरा दिवस जीव काढतो, कारण खिंड ४,२०० मीटरच्या वर आहे अन् आपलं नागपूर जेमतेम ३१० वर, तिथं पायाआधी श्वासच दमतो. म्हणून आधी जवळच्या कुस्को शहरात दोन-तीन दिवस नुसते आरामात फिरा, तेही ३,४०० मीटरवर आहे, पाणी भरपूर प्या, पार्टी-बिर्टी नंतर. परमिट लवकर काढा, दिवसाला ५०० च लोक सोडतात, त्यात गाईड-हमालही आले. फेब्रुवारीत ट्रेल बंद. मे मस्त, कोरडा सीझन, पण रात्री कुडकुडाल. अन् वाटेतल्या विन्याय वायना या इंका अवशेषांचे डोंगरउतारावरचे दगडी शेतटप्पे घाईत सोडू नका, तिथं माचू पिचूपेक्षा गर्दीही कमी असते.