थ्रॉम्बेक्टॉमीत नळी टाकायची की नाही, हे जांघेत सुई जाण्याआधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थ्रॉम्बेक्टॉमीसाठी (जांघेतून कॅथेटर नेऊन मेंदूच्या रक्तवाहिनीतला क्लॉट काढणं) पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी टाकायची का? वय 68, डाव्या एमसीएचा (मेंदूच्या मधल्या धमनीचा) स्ट्रोक, उजवी बाजू लुळी, बोलणं गेलेलं, जीसीएस (शुद्धीचे गुण, पूर्ण शुद्धीत 15) 11, पेशंट सतत अंगावरच्या वायरी ओढतोय. इंटरव्हेन्शनिस्ट (क्लॉट काढणारे डॉक्टर) म्हणतात पूर्ण भूल द्या. तुमचे सर म्हणतात, नळी टाकली की पेशंटचं नुकसान होतं.

हा समज जुन्या निरीक्षणांतून आलाय. तेव्हा बहुधा जास्त अत्यवस्थ पेशंटलाच भूल मिळायची, इंडक्शनला (भूल चढवताना) बीपी कोसळायचं, आणि खापर नळीवर फुटायचं. पुढे हायडेलबर्गचा सिएस्टा (2016, 150 पेशंट), गोथेनबर्गचा अ‍ॅनस्ट्रोक (2017) आणि ऑरहूसचा गोलाएथ (2018) या रँडमाइज्ड ट्रायल्समध्ये (पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटून केलेल्या चाचण्यांत) पूर्ण भूल सेडेशनपेक्षा (नळीशिवाय, फक्त गुंगीच्या औषधांपेक्षा) वाईट ठरली नाही. मात्र तिथे टीम तयारीची होती आणि बीपीचं लक्ष्य आधीच ठरलेलं होतं. ही अट पाळता येत नसेल, तर त्या निष्कर्षाचा आधार घेऊ नका.

तुमच्या पेशंटला मी नळी टाकली असती. जीसीएसमुळे नाही, अफेझियात (स्ट्रोकने भाषा गेली की) त्यातले बोलण्याचे गुण तसेही कापले जातात. खरी अडचण ही की "हलू नका" हे त्याला कळतच नाही. आधी ऑक्सिजन आणि तुंबलेलं मूत्राशय तपासा, अस्वस्थपणा कधी कधी तेवढ्यानेच उतरतो. नाही उतरला, तर मिडाझोलॅम-फेंटानिल ही गुंगीची औषधं थोडी थोडी वाढवत बसू नका. जीभ मागे पडते, कार्बन डायऑक्साइड चढतो, प्रत्येक घोरण्याबरोबर डोकं हलतं आणि रोडमॅप (कॅथेटरला वाट दाखवणारं रक्तवाहिन्यांचं एक्स-रे चित्र) बिघडतो. मग कॅथेटर कॅरोटिडमध्ये (मानेतल्या मोठ्या धमनीत) असताना, डोक्याशी सी-आर्म (एक्स-रे यंत्र), अंधारी खोली, अशा अवस्थेत नळी टाकायची वेळ येते. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

शांत, सूचना पाळणारा, स्वतःची श्वासनलिका सांभाळणारा पेशंट असेल तर फक्त लोकल (जांघेपुरती भूल) पुरतं. बॅसिलरचा (मेंदूच्या मागच्या भागातल्या धमनीचा) स्ट्रोक असून शुद्ध हरपत चाललीय किंवा उलट्या होताहेत, तिथे चर्चेत वेळ न घालवता नळी टाका.

नळी टाकताना नॉरॲड्रेनालिन (बीपी टिकवणारं औषध) आधी लावून मगच इंडक्शन द्या. पोट भरलेलं समजा. प्रोपोफॉल (भुलीचं औषध) कमी, सावकाश. सिस्टोलिक (वरचं) बीपी 140 ते 180; टीपीए (क्लॉट विरघळवणारं औषध) दिलं असेल तर 180/105 च्या वर जाऊ देऊ नका. इंडक्शनच्या वेळी दंडावरच्या कफने बीपी दर मिनिटाला घ्या. आर्टेरियल लाइनसाठी (बीपी सतत मोजायला धमनीत घातलेली सुई) थांबू नका, जांघेतल्या शीथवरून (कॅथेटर जाण्यासाठी घातलेल्या नळीवरून) दाब घेता येतो. कॅप्नोग्राफीवर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) 35 ते 40 ठेवा. जोरात बॅगिंग केलं (पिशवी दाबून जास्त श्वास दिले) तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आधीच उपाशी असलेला भाग आणखी उपाशी राहतो.

क्लॉट निघाल्यावर बीपी 120 च्या खाली आणायची घाई नको. 2022 मध्ये चीनमधल्या एन्चान्टेड-टू ट्रायलमध्ये तसं करणाऱ्या गटाचं नुकसानच झालं. पेशंट स्थिर असेल आणि गिळणं-खोकणं ठीक असेल, तर नळी टेबलावरच काढा, म्हणजे न्यूरोलॉजिस्टला लगेच तपासता येईल.