उजनी एवढी मोठी, मग वीज एवढीशीच का?

प्रश्न: उजनी कोयनेपेक्षा मोठी म्हणतात, मग कोयनेवर 1960 मेगावॅट आणि उजनीवर फक्त 12 असं कसं काय? आणि जगात ज्यांच्याकडे नद्या भरपूर ते सगळी वीज काढतात का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: बरोबर ऐकलंय तुम्ही, उजनी पूर्ण भरली की 117 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट पाणी) आणि कोयना 105. पण नुसतं पाणी असून भागत नाही हो, ते किती उंचावरून खाली येतं त्यावर सगळा खेळ. सेकंदाला हजार लिटर पाणी 100 मीटर खाली आणलं तर एक मेगावॅटला थोडी कमी वीज मिळते. कोयनेचं पाणी बोगद्यातून कोकणातल्या पोफळीच्या वीजकेंद्राला जवळपास 475 मीटर खाली उतरतं, आणि उजनीचं धरणच मुळात 56 मीटर उंच, त्यात तिचं पाणी पिण्याला आणि शेतीला राखलेलं, त्यामुळे विजेसाठी वाटेल तेव्हा सोडताच येत नाही.

आता जगाचं. नॉर्वेत डोंगर आणि पाऊस दोन्ही, तिथली साधारण 90 टक्के वीज पाण्याची. चीनचं थ्री गॉर्जेस एकटंच 22,500 मेगावॅट. आणि आफ्रिका? शक्य आहे त्यातलं जेमतेम दहा टक्के वापरते. काँगो नदीवर इंगा म्हणून जागा आहे, तिथे 40,000 मेगावॅट निघू शकतात असं म्हणतात पण आहेत ती दोनच जुनी केंद्रं, दोन्ही मिळून 1,800 मेगावॅटच्या आत. वाईट याचं वाटतं की 1982 मध्ये तिथून 1,700 किलोमीटरची लाइन तांब्याच्या खाणींकडे नेली आणि वाटेतली गावं अंधारातच राहिली, कारण मधे कुठे वीज उतरवून घ्यायची सोयच त्या लाइनला नव्हती.

आणि पाण्यावरच सगळं टाकलं तरी पंचाईत. 2024 च्या उन्हाळ्यात आपली उजनी मायनस 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती (म्हणजे वापराचं पाणी संपून तळाच्या मृतसाठ्यावर आली होती) आठवतंय ना, त्याच वर्षी दुष्काळाने आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरचं करिबा धरण आटलं आणि झांबियात तासन्‌तास लाइट नव्हती, तिथली बहुतेक वीज पाण्यावरचीच ना.

आपल्या देशात पाण्यापासून निघू शकतील असे कागदावर साधारण 1,33,000 मेगावॅट आहेत, त्यातले एक तृतीयांशच्या आसपास उभे झालेत. उरलेल्यातला मोठा वाटा अरुणाचलचा आणि तिथे सियांग नदीकाठची माणसं धरणाला विरोध करतायत, गाव पाण्याखाली जाणं म्हणजे काय हे आपल्या करमाळ्याच्या धरणग्रस्तांना विचारा, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला तरी अडमुठेपणाचं वाटत नाही.